उभ्या रेघांचं इंग्रजी

पाचवीत एबीसीडी आणि अकरावीला एकदम डीऑक्सिरायबोन्यूक्लीइक ॲसिड, अशी आमच्या घरातल्या पिढीची इंग्रजीची वाटचाल. दहावीपर्यंत प्रकाशसंश्लेषण, हरितद्रव्य, तापमापी. सायन्स घेतलं की तेच सगळं इंग्रजीत. दिवेलागण झाली की माजघरात सगळी चुलत भावंडं पुस्तकं घेऊन बसायची. काका लांबलचक शब्दावर पेन्सिलनं उभ्या रेघा मारून द्यायचे : फो, टो, सिन्, थि, सिस्. ते तुकडे आम्ही पाढ्यांच्या चालीवर घोकायचो. स्पेलिंग पक्कं व्हायचं. डीऑक्सिरायबोन्यूक्लीइकचे आठही तुकडे आमच्यातलं कुणीही आज झोपेतून उठवलं तरी धडाधड म्हणेल.

जोर कुठे द्यायचा, हे मात्र आत्यामुळे कळलं. ती बी.एस्सी.ला होती. कॉलेजच्या लायब्ररीतून तिनं ऑक्सफर्डची डिक्शनरी आणली आणि उच्चारात छापलेली बारीकशी उभी खूण बोट ठेवून दाखवली. ज्या तुकड्याआधी ती खूण, त्याच्यावर जोर. घरात कुणाला ताप आला की ‘थर्मामीटर’ निघायचा, सगळी अक्षरं सारख्याच वजनाची. आत्या म्हणाली, "इंग्रजीत ‘मॉ’ ठासून म्हणायचा, पुढचं मिटर हलकेच. थर्मॉमिटर." अर्थानं शब्द ‘थर्मो’ आणि ‘मीटर’ असा तुटतो, उच्चारात जोर नेमका त्या सांध्यावर येतो. फोटोग्राफमध्ये पहिल्या तुकड्यावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. शेवटी ‘इक’ असलं की बहुधा त्याच्या अलीकडच्या तुकड्यावर, म्हणून न्यूक्लीइकमध्ये ‘क्ली’वर. ‘लॉजी’ असलं की शेवटून तिसऱ्यावर, म्हणून बायॉलॉजीत ‘ऑ’वर. किती आखीव होतं हे सगळं! आणि वर्गात ते कुणी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून शब्द अनोळखी होत नाही. इंग्रजी कान आधी जोर शोधतो. आमच्यातली जी भावंडं पुढे परदेशी गेली, त्यांना विषय मुखोद्गत असूनही एकेक शब्द दोनदा सांगावा लागे. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

2000 पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं. घरोघरी स्पेलिंगची घोकंपट्टी मात्र अजून चालूच आहे. मुलांना लांब शब्द शिकवताना उभ्या रेघा जरूर मारा. पण जोराच्या तुकड्याखाली एक आडवी रेघही ओढा, आणि तो शब्द त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या.