दोन बाजार आणि दोन तलाव

बडोद्यास पाहुणा आला की त्यास लक्ष्मीविलास राजवाडा, कमाटीबाग आणि कीर्तिमंदिर दाखवावयाचे, हा आपल्या मराठी घरांतील जुना शिरस्ता आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या चार गोष्टी सांगाव्यात, पाहुण्याने धन्य धन्य म्हणावे आणि आपण समाधानाने घरी परतावे. परंतु कधी एखाद्या सकाळी पाहुणा सोबत नसताना आपण एकट्यानेच निघावे. त्या फेरीत चार स्थळे पाहावीत. त्यांतून या नगराचा एक निराळाच इतिहास वाचावयास मिळतो.

पहिले स्थळ न्यायमंदिर. चिझम या स्थापत्यविशारदाने आखलेली ही देखणी वास्तू १८९६ साली लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते खुली झाली. मूळची योजना भाजीबाजाराची होती. तो बेत बदलला आणि तेथे न्यायासने मांडली गेली. २०१८ साली न्यायालये नव्या इमारतीत गेली, तरी लोकांच्या तोंडी आणि रिक्षावाल्याच्या हिशेबी त्या चौकाचे नाव न्यायमंदिर हेच राहिले आहे.

तेथून फार दूर नाही असे दुसरे स्थळ म्हणजे खंडेराव मार्केट. महाराजांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने उभारलेली ही इमारत आज महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. मागील अंगास अद्याप भाजी आणि फुले विकली जातात. एका बाजारात न्याय बसला आणि दुसऱ्यात नगराचा कारभार, हा योगायोग खराच. पण तो अर्थपूर्ण वाटतो. बाजाराचा पहिला धर्म हा की माप खरे असावे. ज्याने पैसे घेतले त्याने मालाची जबाबदारी नाकारू नये.

आता सूरसागराच्या काठी यावे. चहूबाजूंनी बांधीव घाट आणि मध्यभागी महादेवाची उत्तुंग मूर्ती. संध्याकाळी येथे गार वारा सुटतो. याच पाण्यात ११ ऑगस्ट १९९३ रोजी नाव उलटली. वीस माणसांच्या नावेत अडतीस माणसे बसविली होती. त्यांतील बावीस बुडाली. नौकाविहार महानगरपालिकेने ठेकेदाराकडे सोपविला होता, म्हणून दोष ठेकेदाराचा, आमचा नव्हे, अशी पालिकेची भूमिका होती. प्रकरण ग्राहक न्यायालयांच्या पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ साली निकाल लागला. काम ठेक्याने देता येते, पण नागरिकांच्या जिवाची काळजी घेण्याचे कर्तव्य ठेक्याने देता येत नाही, असा त्याचा आशय होता. हे सांगावयास एकवीस वर्षे लागली. तोवर वियोगाच्या वेळी कडेवर असलेली मुले कर्तीसवरती झाली होती.

चौथे स्थळ शहराच्या ईशान्येस, विमानतळाच्या बाजूस असलेला हरणी तलाव. निकालानंतर तीनच वर्षांनी, २०१७ साली, त्याच्या विकासाचा आणि वापराचा ठेका देण्यात आला. १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव तेथे उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. पुन्हा क्षमतेहून अधिक माणसे नावेत होती, पुन्हा सर्वांना पुरतील इतकी जीवरक्षक जाकिटे अंगावर नव्हती. सूरसागर आणि हरणी यांच्यामध्ये तीस वर्षांहून थोडे अधिक अंतर आहे. चुकीमध्ये मात्र तसूभरही अंतर नाही.

गुजरात उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि ठेका कसा दिला गेला याविषयी तत्कालीन अधिकाऱ्यांवर कठोर ताशेरे ओढले. २०२५ च्या मे महिन्यात याच शहरात मुख्यमंत्र्यांच्या जाहीर कार्यक्रमात, मुले गमावलेल्या दोन माता उभ्या राहिल्या आणि न्याय मागू लागल्या. पोलिसांनी त्यांना सभेतून बाजूस नेले. ज्या नगरात न्यायाला मंदिर म्हणण्याची रीत आहे, तेथे न्याय मागणाऱ्या आईला सभामंडपाबाहेर जावे लागावे, याची खंत कोणा बडोदेकराला वाटणार नाही?

येथे आपल्याकडेही वळून पाहिले पाहिजे. आपण श्रीमंतांचे नाव फार घेतो. आजवा येथील जलाशयाचे पाणी शहरास मिळू लागले ते १८९२ साली, हे अभिमानाने सांगतो. त्या काळी प्रजेला मत नव्हते. राजाने जबाबदारी मानली म्हणून पाणी आले. आज मत आपल्या हाती आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने मिळाला आहे, आणि तरी खंडेराव मार्केटच्या पायऱ्या आपण घरपट्टीपुरत्याच चढतो. राजकारण हे आपले काम नव्हे, असे म्हणण्याची आपल्या सुशिक्षित घरांना एक सवय जडली आहे. मुलांना सहलीस पाठविण्यापूर्वी नाव कोणी तपासली, किती माणसे बसणार, जाकिटे किती आहेत, हे विचारणे मात्र राजकारण नव्हे. ते पालकाचे साधे काम आहे. तेच शंभर घरांनी विचारले म्हणजे त्याला नगराचा कारभार म्हणतात.

न्यायालय बुडालेल्यांचा हिशेब मांडू शकते, परंतु तो नेहमी बुडाल्यानंतरचा. नाव किनाऱ्याला असतानाच जो प्रश्न विचारावयाचा, तो विचारणारे आपण आहोत. पुढच्या वेळी पाहुणा आला तर राजवाडा अवश्य दाखवावा. पण परतताना त्याला सूरसागराच्या काठावर क्षणभर उभे करावे आणि १९९३ व २०२४ ही दोन्ही साले सांगावीत. आपल्या गावावरील प्रेमाचा तोही एक भाग आहे.