मागच्या बाकावरचा

आज पांझरेकाठी नातू सांगत होता, वर्गातल्या पाड्यावरच्या पोराला सगळे बोलीवरून चिडवतात, डबा लपवतात. "पोरं शेतस," पोरंच आहेत, असं म्हणून मी सोडून देणार होतो. शब्द घशातच अडकले.

पिंपळनेरला शाळेत आम्हीही असंच करायचो. आमची अहिराणी मास्तरांना खटकायची, तो राग आम्ही मागच्या बाकावरच्या एका आदिवासी पोराच्या कोकणी बोलीवर काढायचो. दिवाळीनंतर तो आलाच नाही. कुणी विचारलंही नाही.

मे 2019 मध्ये जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत शिकताना गेल्या, जातीवरून छळाचा आरोप झाला. अशा छळाविरुद्धचा रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात 1999 पासून होता. त्यांची बातमी ऐकली तेव्हाही मला तोच बाक आठवला.

"तू हसलास?" मी नातवाला विचारलं. तो गप्प. उद्या त्याच्यासोबत शाळेत जाणार आहे.