खिशात मावणारी सोनोग्राफी

हातात मावणारे सोनोग्राफी यंत्र म्हणजे एक प्रोब आणि त्याला जोडलेला मोबाइल किंवा टॅब. पोटावर जेलचा गार गोळा पडतो, प्रोब टेकवला की ध्वनिलहरी आत जातात, अवयवांवर आपटून परततात आणि पडद्यावर करडे चित्र हलू लागते. गर्भाच्या हृदयाची फडफड, फुप्फुसाभोवती साचलेले पाणी, अपघातानंतर पोटात होणारा रक्तस्राव, हे सारे रुग्णाच्या खाटेशीच दिसते. क्ष-किरण नाहीत, आणि विजेचा भरवसा नसलेल्या पाड्यावर बॅटरीवर भागते. बघणारा डोळा मात्र तयार हवा. तो काही यंत्राच्या खोक्यातून येत नाही.

भारतात खरी अडचण वेगळीच. सोनोग्राफीचा लिंगनिदानासाठी गैरवापर झाला, म्हणून १९९४ साली कायदा आला. २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार फिरते यंत्र दोनच ठिकाणी चालते: नोंदणी झालेल्या जागेत दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या दवाखान्यात. बंधन रास्तच, पण त्याची झळ दुर्गम पाड्यावरच्या गर्भवतीलाही लागते. तिच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे ‘फॉर्म एफ’ हा याच कायद्याखालचा नोंदीचा अर्ज भरावाच लागतो.