खडकवासल्याच्या वाटेवर

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. कारकून कचेरीला, विद्यार्थी कॉलेजात आणि पोस्टमन दारोदार, सारे सायकलवरच. त्या पिढीला वेग वाढवण्याची चिंता नव्हती. साहेबाच्या आधी पोचलो की वेग पुरेसा! चाळिशी उलटल्यावर सायकल पुन्हा हाती धरणाऱ्या माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला ही चिंता का पडावी, असे आपण विचाराल. कारण घरातच होते. बारावीतली कन्या दर रविवारी पहाटे सायकलने खडकवासल्याला जायची, आणि पावसाळ्यात ती शिक्षणासाठी परगावी जाणार होती. ''बाबा, तू पण चल ना,'' असे ती जानेवारीत म्हणाली, आणि मी निघालो.

स्वारगेटपासून धरण सुमारे १५ किलोमीटर. पहिल्या रविवारी मला सत्तर मिनिटे लागली. कन्या राजाराम पुलाशी थांबे, धायरी फाट्याशी थांबे, नांदेड फाट्याशी थांबे. मी धापा टाकीत पोचलो की पुन्हा पुढे जाई. म्हणायला सोबत, पण ती फक्त निघताना आणि पोचल्यावर. दोघांत बोलणे व्हायचे तर माझा वेग वाढायलाच हवा होता.

पहिला धडा पेठेतल्या सायकलदुरुस्तीवाल्याने दिला. ''सर, आधी सीट वर घ्या,'' तो म्हणाला. नवशिक्याचे आसन बहुधा बुटके असते. पाय जमिनीला टेकतात, म्हणून धीर वाटतो, पण गुडघा दुमडलेलाच राहतो आणि मांडीचा जोर वाया जातो. टाच पायट्यावर ठेवली असता, पायटा अगदी खाली असताना पाय सरळ व्हावा, ही त्याची सोपी खूण. मग चवड्याने पायटा मारला की गुडघ्याला किंचित बाक उरतो. आठवड्याला चाकांत हवा आणि साखळीला तेल, हे त्याने वर सांगितले.

दुसरा धडा लयीचा. वेग म्हणजे जड गिअर आणि नेट लावून मारलेला पाय, अशी सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्षात जड गिअरमध्ये मिनिटाला पन्नास फेरे मारणारा लवकर थकतो. हलक्या गिअरमध्ये ऐंशी-नव्वद फेरे मारणारा लांब जातो. जात्याला एकदम हिसडा देणारीपेक्षा ओवीच्या लयीत ते फिरते ठेवणारी अधिक दळते, तसेच हे. पंधरा सेकंदांत वीस फेरे झाले की लय जमली. वडगावपर्यंत मी मनातल्या मनात मोजत जाई. वृत्तांच्या मात्रा मोजण्यात वीस वर्षे गेल्याचा असा उपयोग होईल, असे वाटले नव्हते.

तिसरा धडा विश्रांतीचा. रोज जीव तोडून पळवल्याने वेग वाढत नाही, शीण वाढतो. आठवड्यात दोन दिवस सावकाश, बोलता येईल इतक्याच दमाने. एक दिवस मात्र दोन मिनिटे जोरात, तीन मिनिटे हळू, अशी पाच आवर्तने. एक दिवस लांबची फेरी. बाकी दिवस सायकल भिंतीला आणि आपण आरामखुर्चीला.

आणि चौथा धडा वाऱ्याचा. सावकाश जाणाऱ्याला वारा जाणवत नाही. ताशी वीस किलोमीटरच्या पुढे बहुतेक शक्ती तोच खातो. वेग दुप्पट केला की त्याचा रोध चौपट होतो आणि तो भेदायला आठपट शक्ती लागते. म्हणून अंग थोडे पुढे वाकवावे, कोपरे आत घ्यावीत. मे महिन्यापासून पश्चिमेचा वारा सुटला की जाताना तो बराचसा तोंडावर येतो आणि परतताना पाठीशी. सोबत कुणी असेल तर त्याच्या मागे राहावे. आडोशाला कष्ट चांगलेच वाचतात. पुढच्याने अचानक ब्रेक लावू नये, मागच्याने मान खाली घालू नये, एवढे पथ्य. एका रविवारी किरकटवाडीपाशी कन्या म्हणाली, ''बाबा, माझ्या मागेच राहा.'' लहानपणी जिला पुढच्या दांड्यावरच्या बाळसीटवर बसवून मी वारा दाखवला, ती आता माझा वारा अडवीत होती.

जूनअखेर पन्नास मिनिटांत धरण गाठले. धरणाशी मक्याचे कणीस खाताना मी तिला या जागेची गोष्ट सांगितली. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली येथे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते. पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या लोंढ्यापुढे हेही धरण टिकले नाही आणि पुणे पाण्याखाली गेले. नंतर ते पुन्हा बांधले. मग तिने विचारले, ''तिकडे मला नाही करमले तर?'' सत्तर मिनिटांच्या काळात हा प्रश्न तिने विचारला नसता. माझा श्वासच ठिकाणावर नसे. मी म्हटले, ''पहिला महिना हलक्या गिअरमध्ये काढ.''

आता एकटाच जातो. आडोसा नाही, म्हणून तीन-चार मिनिटे जास्त लागतात. दिवाळीला ती येणार आहे. तिच्या सायकलची साखळी कालच तेल घालून ठेवली.