औषधाचें माप

ज्या दुखण्याची जखम डोळ्यांना दिसत नाहीं, त्यावर घरच्या माणसांचा विश्वास बसण्यास फार वेळ लागतो. ताप आला कीं थर्मामीटर साक्ष देतो. हाड मोडलें तर क्ष-किरणांचें चित्र बोलतें. परंतु केवळ वेदना हेंच ज्याचें लक्षण, त्या रोगाला रोग्याच्या शब्दावांचून दुसरा साक्षीदार नसतो. आमच्या एकत्र कुटुंबाला हा धडा आमच्या वडील भावजयींच्या दुखण्यानें मिळाला.

वहिनींचें वय 71. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या उजव्या गालांत विजेचा झटका बसावा तशी कळ येऊं लागली. चूळ भरतांना, घास चावतांना, नुसता पंख्याचा वारा लागतांच ती उठे आणि क्षणांत विरे. मात्र दिवसांत अशा कळा किती येतील याला सुमार नसे. एका दंतवैद्यानें दोन दाढा काढल्या. कळ होती तेथेंच राहिली. तेव्हां घरांतली तरुण मंडळी हळूच म्हणूं लागली, "काकूंचें दुखणें मनाचें असावें."

अखेर मज्जातंतूंच्या तज्ज्ञ डॉक्टरांनीं निदान केलें. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा एक त्रिशाखी मज्जातंतु आहे. पुष्कळदां एखादी रक्तवाहिनी त्याच्या मुळाशीं दाबून त्याचें आवरण झिजविते, आणि मग साधा स्पर्शही कळ होऊन मेंदूकडे पोंचतो. सुश्रुतानें शिरोरोगांत सांगितलेला अनंतवात तो हाच, असें कित्येक वैद्य मानतात.

डॉक्टरांनीं कार्बामाझेपिनची गोळी लिहून दिली. नातवानें मोबाइलवर नांव शोधलें आणि घर हादरलें: हें तर फेफऱ्याचें औषध! घरांत लग्नाची मुलगी. लोक काय म्हणतील? आम्ही सर्वांस जवळ बसवून सांगितलें कीं, अपस्मार हा देखील एक रोगच, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. शिवाय मज्जातंतूंचा अनावर झालेला वेग आवरणें हें या औषधाचें काम. तें मेंदूंत उपयोगी पडतें, तसेंच येथेंही. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें 1953 सालीं तें तयार झालें, आणि 1962 सालीं ब्लोम या स्वीडिश डॉक्टरांनीं याच दुखण्यावर त्याचा गुण प्रसिद्ध केला. म्हणजे आमच्या घरांत तें नवें; जगांत नव्हे.

प्रारंभीं रक्त तपासलें. अंगावर पुरळ आल्यास तत्काळ कळवावें, आणि गोळी आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये, अशी ताकीद मिळाली. सकाळ-संध्याकाळ 100 मिलिग्रॅम ठरलें. आम्ही एक वही घातली: तारीख, मात्रा, कळा किती, झोंप किती, चक्कर आली कीं नाहीं. आठवड्याभरांत कळा निम्म्यावर आल्या. डॉक्टरांनीं मात्रा दुप्पट केली, आणि कळा थांबल्या. घरांत आनंद झाला.

परंतु वहिनी पोथीवर डुलक्या घेऊं लागल्या. चालतांना त्यांचा तोल जाई. रक्तांतील सोडियमही थोडें उतरलें. घरच्यांना त्याचें कांहीं वाटेना. "आतां दुखत तर नाहीं ना? मग निजूं द्या त्यांना," असें जो तो म्हणे. एके दुपारीं वहिनींनीं आम्हांस हांक मारून सांगितलें, "भावजी, कळ गेली खरी, पण तिच्याबरोबर मीही चाललें आहें. दिवसाच्या दोन-चार कळा मी सोसीन, पण मला पोथी वाचतां आली पाहिजे."

हें वाक्य आम्ही वहींत जसेंच्या तसें उतरवून डॉक्टरांपुढें ठेविलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें आणि सकाळची मात्रा पुन्हां 100 वर आणिली. सोडियमही पुढें सुधारलें. आज वहिनींना अधूनमधून कळ येते. तितका वेळ त्या डोळे मिटून बसतात, आणि मग पान उलटतात.

घरांत जुनाट दुखण्यावर नवें औषध येतें तेव्हां त्याचें यश आपण, कळ गेली कीं राहिली, एवढ्यावरच मोजतों. परंतु किती वेदना सोसावयाची आणि तिच्या बदल्यांत किती जागेपण राखावयाचें, हा हिशेब ज्याच्या देहांत चालतो, त्यानेंच तो मांडावा. डॉक्टरांनीं तो तपासावा. आणि घरच्यांनीं, त्यावर विश्वास ठेवून, वही नीट लिहावी.