दोन स्वर, सात तास

भाचीने परवा एक लिंक पाठवली. खाली एवढंच लिहिलेलं, "मामा, हे शेवटपर्यंत बघ." पाऊण तासाच्या आसपासचा व्हिडिओ! मी आपला पाच मिनिटं बघू म्हणून बसलो आणि चहा गार झाला.

युनचान लिम हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. दक्षिण कोरियाचा पोरगा, जन्म 2004 चा. जून 2022 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धा झाली, ती त्याने जिंकली. तेव्हा वय 18. त्या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात लहान विजेता. उपांत्य फेरीत त्याने लिझ्टचे बारा 'ट्रान्सेंडेंटल एट्यूड' सलग वाजवले, म्हणजे तासाभराचा नुसता डोंगर. आणि अंतिम फेरीत रॅखमॅनिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो. तोच हा व्हिडिओ. एक कोटीहून जास्त वेळा पाहिला गेलाय. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही, माझं सगळं शिक्षण पेटी-तबल्याचं. पण शेवटची काही मिनिटं आली की समजण्या-न समजण्याचा प्रश्नच उरत नाही.

मग मी त्याच्याबद्दल वाचत सुटलो. आई-वडील संगीतातले नाहीत. सातव्या वर्षी पियानो सुरू केला तो घराजवळच्या क्लासमध्ये, सगळी पोरं शाळेनंतर कुठल्या ना कुठल्या क्लासला जातात म्हणून! हे वाचून मला हसूच आलं. अरे, हे तर आमचं लातूर!

आता लातूरबद्दल. ताई तिथे राहते. भाची यंदा अकरावीला गेली आणि तिचा कीबोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. दोन वर्षांसाठी, असं ठरलंय. नीट झाली की काढायचा. ट्यूशन एरियात सकाळी सहाला सायकलींची जी गर्दी असते ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना या निर्णयाचं वजन कळणार नाही. ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायची गरज नाही.

लातूर पॅटर्नला नावं ठेवणारे पुण्या-मुंबईचे लोक मला आवडत नाहीत, आधीच सांगतो. आमच्या पिढीतल्या किती घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनियर त्या पॅटर्नमुळे झाला! नांदेडलाही आता तेच आहे. कोरडवाहू शेती, 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर, तिथे आई-बापांनी आणखी कशावर पैसे लावायचे?

पण पियानोचं गणित वाईट आहे. जी दोन वर्षं आपण माळ्यावर टाकतो, नेमकी तीच त्याला हवी असतात. लिमने 2019 मध्ये, पंधराव्या वर्षी, कोरियातली इसांग युन स्पर्धा जिंकली होती. सोळा, सतरा, अठरा ही त्याची वर्षं पियानोसमोर गेली. शोपँच्या एका एट्यूडच्या पहिल्या दोन स्वरांवर आपण सात तास घालवले, असं तो एकदा म्हणाला होता. सात तास, दोन स्वर. (रिव्हिजन म्हणतात ती हीच! लातूरच्या पोरांना हे शिकवावं लागणार नाही.)

कोरियात परीक्षांचं वेड नाही म्हणून हे झालं असं कुणी म्हणेल, तर तेही खोटं आहे. तिथे विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकायचा भाग सुरू असतो तेवढा वेळ विमानांची उड्डाणं थांबवतात. म्हणजे त्यांच्याकडे लातूर आहेच, आपल्यापेक्षा मोठं आहे. फरक एवढाच की शेजारी दुसरा रस्ताही आहे. सरकारने कलेचं राष्ट्रीय विद्यापीठ काढलं, हुशार मुलांसाठी वेगळी संस्था काढली. लिम तेराव्या वर्षी तिथे मिनसू सोन या गुरूंकडे पोचला. आईला त्याला माळा की पियानो असं निवडावं लागलं नाही.

आपल्याकडे? मुंबईला एनसीपीए आहे, 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, पण रात्रभर रेल्वेने जाऊन शनिवार-रविवारी पियानो कोण शिकणार? भाचीचा कॅसिओ 61 पट्ट्यांचा, पियानोला असतात 88. रॅखमॅनिनॉफचे खर्जातले स्वर तिच्याकडे नाहीतच मुळी! शिवाय कॅसिओची पट्टी फुंकर मारली तरी दबते, खऱ्या पियानोची बोटाला जोर लावून दाबावी लागते.

मराठवाड्यात पट्ट्यांवर मोठं नाव झालं ते पेटीवाल्याचं. अप्पा जळगावकर, जालन्याकडचे. जन्म 1922, निधन 2009. ज्या वाद्याला आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं दार बंद ठेवलं होतं, त्यावर या माणसाने आयुष्य काढलं आणि भीमसेनजींसारख्यांच्या मागे बसून साथ केली. पण साथीचं करिअर आणि एकट्याने मंचावर बसण्याचं करिअर यात फरक आहे. साथीला दुसरा गाणारा असतो, त्याच्या बोलावण्यावर आपणही जातो. पियानोवादकाला बोलावणारंच कुणी हवं. क्लायबर्न जिंकल्यावर लिमला एक लाख डॉलर आणि तीन वर्षांचं कार्यक्रमांचं नियोजन मिळालं. आणि मार्च 2024 मध्ये हात ताणला गेला म्हणून त्यालाही कार्यक्रम रद्द करावे लागले. तेव्हा वय वीस!

हे सगळं मी गेल्या रविवारी लातूरला गेल्यावर ताईला सांगत होतो. दाजी पेपर वाचता वाचता म्हणाले, "काय करलालाव मामा-भाची मिळून?" भाची काही तसली पियानोवादक होणार नाही, हे मला कळतं, तिलाही कळतं. तिने तसं मागितलंही नाही. ती फक्त म्हणाली, "मामा, दोन वर्षांनी बोटं तशीच राहतात का?"

मी खरं तेच सांगितलं. नाही राहत.

ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, रात्री दहानंतर अर्धा तास, हेडफोन लावून, आणि टेस्टचे मार्क घसरले तर बंद. मी लगेच स्टूल आणून माळ्यावर चढलो, तिचं मन बदलायच्या आत. कीबोर्डचा अॅडाप्टर काही सापडला नाही, तो सोमवारी भाचीने बाजारातून आणला म्हणे. दाजी अजून यावर काही बोललेले नाहीत.