आस

माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात बांबूची एक सुई असायची. वीतभर लांब, चपटी, मधोमध कोरलेली जीभ आणि त्या जिभेला गुंडाळलेला सुती दोरा, काळपट पडलेला. घरी येणारा नवा माणूस हमखास विचारायचा, "पाकिटं फोडायला का?" आधी आधी मी सांगत बसायचो, जाळं विणायची सुई आहे म्हणून. नंतर नुसतं 'हो' म्हणायचो.

ती मनोरीची. सातवीत मालाडच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा मुलगा तिथून तरीनं, म्हणजे होडीनं, मार्व्याची खाडी ओलांडून यायचा आणि आठवड्यातून दोनदा तरी उशिरा पोचायचा. गुरुजींनी दटावलं की खाली मान घालून म्हणायचा, "तर चुकली." त्याचं नाव पडलं तरवाला. पुढे त्याच्या लग्नात चर्चच्या दारात आम्ही त्याच नावानं हाका मारल्या, तर पाद्रीबाबासुद्धा हसले.

पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो ते पावसाळ्यात. हल्ली 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची सरकारी मासेमारीबंदी असते. तेव्हा कागद नव्हता, पण होड्या वर ओढलेल्याच असायच्या. पडवीत डोल पसरली होती. डोल म्हणजे भलं मोठं पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवायचं. भरती-ओहोटीचं पाणीच त्याचं तोंड उघडतं आणि बोंबील, जवळा, करंदी आत लोटतं. तोंडाकडे आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, मोठे, शेपटाकडे बारीक होत होत टोकाच्या खोल्यात इतके बारीक की जवळासुद्धा निसटत नाही. तो सुई चालवत होता आणि मी बघत होतो. मग माझ्या डोळ्यांदेखत त्यानं कात्री घेतली आणि फाटलेल्या जागेच्या कडेचे धडधाकट वाटणारे आसही कापून टाकले.

"अरे, भोक मोठं केलंस!"

"आधी मोठंच करायचं. चिंधीला गाठ धरत नाय."

त्या दिवशी त्यानं मला ही सुई दिली आणि गाठ शिकवली. माझी गाठ सरकायची. पन्नास वर्षं सरकत राहिली. दर पावसाळ्यात तो एकदा करायला लावायचा, ओढून बघायचा आणि म्हणायचा, "तू आपला पेन धर."

सुती जाळी गेली, नायलॉन आलं, सुयाही प्लास्टिकच्या झाल्या. 1989 साली शेजारी एस्सेलवर्ल्डचं पाळण्यांचं उद्यान झालं तेव्हा तिकडचे पाहुणे चुकून गावच्या तरीत चढायचे आणि हा त्यांना बोंबील वाळवायच्या वलांडी दाखवून सांगायचा, "हाच पाळणा." तीन मुलींचा बाप, तिघींच्या वेण्या तोच घालायचा, पडवीत, सगळ्या गल्लीसमोर. वहिनी म्हणायच्या, जाळं विणतोय असंच वाटतं.

आमच्या घराच्या वाटणीवरून माझं आणि धाकट्या भावाचं बोलणं बंद होतं, तेव्हा तो सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन मालाडला आला आणि मधे बसला. मला वाटलं, समजूत घालेल. त्यानं उलट एकेक जुनी गोष्ट उकरून काढली, आईच्या बांगड्यांपर्यंत. दोन तास आम्ही भावंडं ओरडत होतो. मग त्यानं चहा मागितला. मी तेव्हा त्याच्यावर फार चिडलो होतो. भाऊ मात्र त्या दिवाळीला घरी आला.

गेल्या जुलैत तो मालाडच्या रुग्णालयात गेला. मार्व्याहून तरीनं मनोरी दहा मिनिटांची वाट. पण शववाहिका तरीत चढत नाही. ती दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई असा सगळा वळसा घालून येणार होती. मी तरीनं आधी पोचलो. आयुष्यभर पाण्यावरून आलेला माणूस रस्त्यानं यायचा होता आणि मी त्याच्या पडवीत ताटकळत बसलो होतो. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "अजून नाय आला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तर चुकली असेल." नंतर शरम वाटली. म्हातारा मात्र मान हलवत माझ्या शेजारी टेकला.

महिन्याच्या मिस्सेला गेलो तेव्हा मी सुई बरोबर नेली, वहिनींच्या हातात द्यावी म्हणून. पडवीत डोल तशीच पसरलेली होती, कडा कापून साफ केलेलं भोक उघडंच. थोरलीनं सुई पाहिली, जुना दोरा उलगडून टाकला, नायलॉन भरलं आणि म्हणाली, "काका, ताणून धरा." तिला बँकेतून दोनच दिवसांची सुट्टी होती. मी म्हटलं, एक गाठ मला मारू दे.

तिनं मारू दिली. ओढून पाहिली. काही बोलली नाही. कात्री घेतली, माझी गाठ कापली आणि तिच्या बाजूचा आणखी एक आस.